कडक की बटणाची

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "आन मी कुटं बसायचं? डिकीत?" त्या डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. लग्न मी केलं नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून फॉर्मात भरते आहे. रोज कासार आंबोलीहून घोटावड्यामार्गे जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. एवढ्या वर्षांच्या डंपर आणि ट्रॅफिकनंतर मला एक विनाकारण सुंदर गाडी हवी होती. यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मी कुणाला समजावून सांगितलंही नाही.

गाडी ठरली. अडलं ते सस्पेन्शनवर, म्हणजे खड्ड्यांचे दणके झेलणाऱ्या भागावर. ही गाडी दोन तऱ्हांची मिळते. एकीत सस्पेन्शन कायमचं कडक. स्प्रिंगा आखूड, शॉकअ‍ॅब्सॉर्बर घट्ट, जे आहे ते आहे. दुसरीत शॉकअ‍ॅब्सॉर्बर रस्ता बघून आपले आपण सैल-घट्ट होतात, आणि वर एक बटण असतं, ते दाबून आपणही गाडी मऊ किंवा कडक करायची. कडकवाली शोरूममध्ये तयार उभी होती, आठवड्यात दारात आली असती. बटणवाली मागवायला लागणार होती. चार महिने.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा एक गृहस्थ आहे. त्याच्याकडे स्कूटर आहे आणि गाड्यांबद्दल मतं भरपूर आहेत. तो म्हणाला, "बटणं म्हणजे चोचले. खरी स्पोर्ट्स कार एकच, कडक." मला हे पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

पण घरात आबा होते. माझे वडील. बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांचं जग अंगणाच्या फाटकापर्यंत आलं. एरवी ते कुरकुर करणारे नाहीत. एकच गोष्ट त्यांना खात होती. कोळवणला त्यांचे जुने कंडक्टर राहतात. अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. सगळी एसटी कंडक्टरला 'मास्तर' म्हणते, आबाही म्हणतात, आणि मी मास्तरकाका म्हणते. साखरेपायी मास्तरकाकांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला, त्यामुळे ते येऊ शकत नाहीत. आबांना जीप आणि एसटी झेपत नाही. माझ्या जुन्या छोट्या गाडीतून एकदा नेलं होतं, तर आल्यावर आठ दिवस अंथरुणात. मग उरला फोन. दोघांनाही कमी ऐकू येतं. दोघंही ओरडतात, आणि पाच मिनिटांत थकून फोन ठेवतात.

आई म्हणाली, उंच गाडी घे, चढा-उतरायला बरी. मी फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उंच गाडी वळणावर डुलते, तेही त्यांना सोसणार नाही. खाली बसायला थोडा त्रास झाला तरी चालेल, पण दणका नको. हे उत्तर मी लगेच खिशात टाकलं. माझ्या हौसेला डॉक्टरी कागद मिळाल्यासारखं झालं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. आबा ज्या गाडीत बसून कोळवणला जाऊ शकतील ती घ्यायची. कोणती ते आबांनीच सांगायचं. मी शोरूमवाल्या बाईंना दोन्ही गाड्या एका शनिवारी सकाळी आमच्याकडे आणायला लावल्या.

आधी लाल. ती कडक. आबा आधी बसले, मग हाताने एकेक पाय आत घेतला. घोटावडे फाट्यापर्यंत गेलो आणि परत आलो. त्या गाडीबद्दल काय सांगू! रस्त्यावरची खडी तळहाताला कळत होती. वळणावर गाडी जराही कलत नव्हती, मी बघीन तिकडे जात होती. गतिरोधक मात्र तिरके आणि हळू काढावे लागत होते, आणि एकदा एक खड्डा माझ्याकडून चुकला नाही तेव्हा आबांनी दाराचं हँडल धरलं. परत आल्यावर विचारलं, "कशी वाटली?"

"झकास हाय."

मग पांढरी, बटणवाली. ही शोरूमची नुसती दाखवायची गाडी, विकायची नव्हे. तोच रस्ता, तोच खड्डा. या वेळी नुसता एक बुडबुड्यासारखा हेलकावा आला. बरी होती. समंजस होती. समंजस माणसांबद्दल मला जेवढं प्रेम वाटतं तेवढंच या गाडीबद्दल वाटलं.

"आणि ही?"

"ही बी झकास हाय."

झालं! दोन्ही झकास, मग लाल. शोरूमवाल्या बाईंना म्हटलं, सोमवारी फोन करून पक्कं करते. त्या गेल्यावर आबा आत जाऊन आडवे झाले. आईने शेकायची पिशवी गरम केली. मी ते पाहिलं, आणि दोन गाड्यांमध्ये इतकं चढ-उतर केल्यावर दुखणारच, असं स्वतःला सांगितलं. चुका शोधायचा पगार घेणाऱ्या बाईने हे सांगावं, म्हणजे कमाल आहे.

संध्याकाळी मास्तरकाकांचा फोन आला. आबांनी पडल्या पडल्या तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"डायवर, गाडी बघितली का?"

"बघितली. दोन्ही झकास हायेत!"

पलीकडे मास्तरकाका हसायला लागले. मग म्हणाले, "पोरीला दे फोन." मी बोलते म्हटल्यावर म्हणाले, "पोरी, ह्याला तोंडानं इचारलंस व्हय? अगं अकरा वर्षांत ह्यानं एका गाडीला नाव ठेवलेलं म्या ऐकलं न्हाई. स्प्रिंगचा पाटा तुटायला आलेला असायचा, तरी पुढच्या डायवरला म्हणायचा, झकास हाय, ने."

"मग गाडी तशीच जायची?" मी घाबरून विचारलं.

"तशी कशी जाईल? आधी लॉगशीटवर समदं लिवायचा, कागद मेकॅनिकच्या हातात द्यायचा, त्यानं गाडी नीट केल्यावरच सोडायचा. पण स्टेरिंगवर बसणाऱ्याला तोंडानं सांगायचं न्हाई. पन्नास माणसं घिऊन जायचं असतं त्याला. हातात भ्या शिरतं."

लॉगशीट म्हणजे गाडीबरोबर फिरणारा कागद. फेरी संपली की ड्रायव्हरने त्यावर गाडीतले दोष लिहायचे. हे मला माहीत होतं, लहानपणी घरात तसले कागद पडलेले असायचे. पण आबा बोलतात एक आणि लिहितात एक, हे मला या वयात कोळवणच्या माणसाकडून कळावं लागलं. मला स्वतःचा राग आला, आणि थोडा आबांचाही.

रविवारी सकाळी चहाबरोबर मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. वर 'लॉगशीट' लिहिलं, खाली दोन रकाने आखले. लाल गाडी, पांढरी गाडी. आबांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं.

"मास्तरनं सांगितलं का?"

"हो."

"लई बोलतो त्यो." पण चष्मा मागितला. मग पाऊण तास बाहेरच्या खाटेवर बसून लिहीत होते. मला जवळ येऊ दिलं नाही. लिहून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात न देता आईच्या हातात दिली. मी स्टिअरिंगवर बसणारी होते ना, म्हणून.

आईने तो मला तिथल्या तिथे दिला. तिला असल्या भानगडी समजत नाहीत.

त्यांचं अक्षर अजून ठसठशीत आहे. लाल गाडीच्या रकान्यात होतं, 'स्टेअरिंग उत्तम. ब्रेक उत्तम. वळणावर झुकत नाही. खड्ड्यात दणका थेट मणक्यात येतो, डाव्या पायात कळ जाते. गाडीत दोष नाही. दोष प्रवाशात आहे. चालक पूर्ण वेळ हसत होता.'

पांढऱ्या गाडीच्या रकान्यात, 'दणका येत नाही. कळ नाही. चालक गप्प होता.'

आणि खाली, सही करून, 'शिफारस : लाल गाडी घ्यावी. एका प्रवाशासाठी गाडी बदलण्याची पद्धत नाही.'

मी न्हाणीघरात जाऊन रडले. कढ ओसरल्यावर तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "शिफारस नामंजूर."

"तुला आवडलेली घे. मी काय, येक दिवस जाईन मरून."

"म्हणून तोवर घरात कुजायचं?" हे मी जरा जास्तच जोरात म्हटलं. आई आत निघून गेली. सोमवारी मी शोरूमला फोन करून पांढरी सांगितली. आबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांना कमीपणा वाटला होता, हे मला उशिरा कळलं.

ते चार महिने वाईट गेले. मास्तरकाका मध्येच आठ दिवस दवाखान्यात राहून आले. फोनवरचं ओरडणं कमी झालं, कारण त्यांना ओरडवेना. दर वेळी एकच विचारायचे, "आली का?" आबा म्हणायचे, "यील आता." लाल गाडी घेतली असती तर ती केव्हाच दारात आली असती. पण तिच्यातून आबांना कोळवणला नेता आलं नसतं. हा हिशेब मी रोज ऑफिसच्या वाटेवर करायचे आणि रोज तेच उत्तर यायचं.

गाडी आली. खोटं कशाला बोलू, बटण दाबून कितीही कडक केली तरी ती लाल गाडीइतकी बोलत नाही. कधीकधी ती लाल गाडी आठवते आणि हळहळ वाटते. वाटते तर वाटते.

पहिल्याच रविवारी आम्ही कोळवणला निघालो. आई म्हणाली, "जावा तुमी बापलेक, माझी डिकी कुनी उघडू नका." पौडपर्यंत मी गाडी मऊच ठेवली आणि आबांच्या चेहऱ्याकडे बघत चालवली, इतकी की ते वैतागून म्हणाले, "रस्त्याकडं बघ." पौड सोडल्यावर कोळवणच्या वाटेवर एक नवा गुळगुळीत तुकडा लागला. पुढे कुणी नव्हतं.

"दाब ते बटण," आबा म्हणाले.

"नको."

"दाब म्हणतो न्हवं."

दाबलं. गाडी आवळून आली, वळणं एकामागून एक सुटत गेली, आणि मी हसत असणार, कारण मला आबांचा विसर पडला. तुकडा संपला तो कळलाच नाही. पहिला खड्डा बसला, दुसरा बसला. आबांनी हँडल धरलं. मी वाट बघत होते की आता ते गप्प राहतील, आणि मग घरी गेल्यावर मला त्यांच्यापुढे पुन्हा लॉगशीटचा कागद ठेवावा लागेल.

"दुखतंय," ते म्हणाले. "मऊ कर."

मी केलं. कोळवण येईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा सांगितलं. एकदा म्हणाले, हळू घे. एकदा म्हणाले, जरा थांब, पाय सरळ करू दे. दोन्ही वेळा मी तसं केलं. मास्तरकाका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, गाडी बघून त्यांनी हात वर केला. मी उतरून आबांच्या बाजूला गेले. मला वाटलं होतं मित्रासमोर तरी ते एकटेच उठायची खटपट करतील. त्यांनी दोन्ही पाय बाहेर टाकले आणि माझ्याकडे हात केला.

"धर," म्हणाले. "एकट्यानं उठाया न्हाई येत आता."