बाटलीआत्या आणि पहाडातली पाटी

परक्या देशात उतरल्यावर लोक आधी हॉटेल शोधतात. आमची बाटलीआत्या आधी कोल्ड्रिंकची पाटी शोधायची. ती दिसेपर्यंत तिला भूक लागायची नाही आणि ती कुणाशी धड बोलायचीही नाही. दिसली की मोबाइलवर फोटो काढायची आणि म्हणायची, "चाल, आता चहा पिऊ."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नागपुरात प्रताप नगरातल्या तिच्या घरी बैठकीच्या भिंतीवर बाटल्यांची झाकणं, ओपनर आणि पत्र्याच्या जुन्या पाट्या टांगलेल्या असत. त्यावरून गल्लीतल्या पोरांनी तिला हे नाव दिलं आणि तिला ते आवडलंही. तिचे यजमान, आमचे मामाजी, कोल्ड्रिंकची गाडी चालवायचे. नागपूरहून पारशिवनीकडच्या गावांत क्रेट पोचवायचे. नव्या लग्नाच्या दिवसांत आत्याही गाडीत बसून जायची. मामाजी शिडीवर चढून किराणा दुकानांवर पाट्या ठोकायचे, ही खालून खिळे द्यायची आणि पाटी तिरपी झाली की ओरडायची.

मामाजी गेल्यावर काही वर्षांनी ती एकदम म्हणाली, "मले दुनिया पाहाची आहे. तू येतं का संगं?" मी नागपुरातच बेसा भागात एकटी राहणारी, नोकरी करणारी भाची. मी हो म्हटलं.

मी जन्माची भित्री. विमान हललं तरी देव आठवणारी. आत्या मात्र केनियात भर रहदारीचा रस्ता ओलांडून गेली, का तर पलीकडे कोल्ड्रिंकच्या जाहिरातीसाठी एक अख्खं घर लाल रंगवलेलं होतं. बँकॉकमध्ये रस्त्याकडेच्या लहानशा देवळात देवापुढे लाल सरबताच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्यांत स्ट्रॉसुद्धा घातलेले. आत्या हात जोडून म्हणाली, "देवालेही कोल्ड्रिंक लागते, पाह्य!" मी तिला मागून ओढत राहायचे आणि तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "काहून भेऊन राहिली वं? पाटी काय चावते?"

शेवटच्या प्रवासात आम्ही एका पहाडी देशात होतो. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सीमेजवळच्या गावात आमची बस जेवणासाठी थांबली. तिथं नासपतीचं लेमनेड, म्हणजे नासपतीच्या चवीचं कोल्ड्रिंक, मिळायचं, आणि एका लांबलचक भिंतीवर त्याचीच जुनी, गंजलेली पाटी होती. आत्या तरातरा गेली. मी पोचेपर्यंत तिने फोटो काढलाही होता.

भिंतीमागे लष्कराची छावणी होती.

कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर बंदूक घेतलेला एक जवान धावत येत होता. त्याने आत्याच्या हातातून मोबाइल हिसकावला, आमचे पासपोर्ट घेतले आणि आम्हाला आत नेऊन एका खोलीत बसवलं. दार बाहेरून बंद झालं. बस निघून गेली तर? यांनी आम्हाला हेर ठरवलं तर? घरी कोण कळवणार? आता आत्या काहीतरी बोलेल, रागावेल, हसवेल, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी कधीच धीट नव्हती वं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझे मामाजी गेले तवापासून दाराबाहेर पाय टाकला का छाती धडधडते. नव्या गावात उतरलं का काहीच ओळखीचं दिसत नाही. मंग एखादी पाटी दिसते. वाटते, इथंही कोणी गाडी घेऊन आलं असन, कोणी खालून खिळे देले असतीन. मंग पाय उचलते."

"मग घरीच का नाही बसलीस?"

"घरी तर त्याहून भेव लागे."

तेवढ्यात एक अधिकारी आला. तो उभ्या उभ्याच तिच्या मोबाइलमधले फोटो पाहू लागला. पाटी, पाटी, लाल घर, देवापुढच्या बाटल्या, परत पाटी. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. आत्याने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. एका फोटोवर तो थांबला आणि त्याने मोबाइल आमच्याकडे वळवला. क्रेटांनी भरलेल्या गाडीपुढे मामाजी उभे होते.

"हजबंड?" त्याने विचारलं.

आत्याने मान डोलावली. त्याने आजचा फोटो आमच्या डोळ्यांदेखत पुसला, मोबाइल आणि पासपोर्ट टेबलावर ठेवले आणि दाराकडे हात केला.

मी उठले. आत्या उठेना. वाकून पाहिलं तेव्हा कळलं, तिची सलवार ओली झाली होती. मी माझं जॅकेट काढून तिच्या कमरेला बांधलं. आम्ही दोघी एकमेकींच्या आधाराने बसपर्यंत गेलो. बस थांबलेली होती.

नागपुरात परतल्यावर तिने हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगितला. तिच्या किश्शात साहेबाने तिला सलाम ठोकला होता आणि लेमनेडही पाजलं होतं. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे.

गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यातून ती उठली नाही. आत नेण्याआधी स्ट्रेचरभोवती सगळे नातेवाईक जमले होते. कुणीतरी म्हणालं, "आत्या तर वाघीण आहे, तिले काय होते!" तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग मला जवळ बोलावलं आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले लई भेव लागून राहिलं वं."

मी तिच्याशी एरवी शाळेतली मराठी बोलायचे. त्या दिवशी तोंडून निघालं, "मलेही, आत्या."

"मंग हात नको सोडू."

मी सोडला नाही. दाराशी नर्सला आमची बोटं एकेक करून उकलावी लागली.