बिनपोटाचा बेस

मंचरला हायवेच्या कडेला एक साउंडवाला आहे. त्यानं लांबलचक काळ्या पिशवीची चेन उघडली, आतून एक दांडी काढली आणि भिंतीला टेकवून उभी केली. दांडीला चार जाड तारा होत्या, वर चार खुंट्या, आणि तारा उचलून धरणारी लाकडी घोडी. बाकी काही नव्हतं. मी पिशवीकडंच बघत राहिले. मला वाटलं, उरलेला बेस अजून आत आहे.

"हाच," साउंडवाला म्हणाला. "विजेवरचा उभा बेस. प्रोग्रामला नेण्यासारखा एवढ्या कमीत दुसरा मिळायचा न्हाई, वहिनी."

मी पिशवीत हात घालून बघितला. ती रिकामी होती. माझे मालक शेजारीच होते, पण मला काय झालं ते त्यांना कळलं नाही. कळणार कसं? मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात वाद्य वाजवायचं काम करतो. त्याची खोली लहान, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं त्याचा मोठा लाकडी बेस आमच्या वारूळवाडीच्या घरी आणून ठेवला. दिसायला व्हायोलिनसारखा, पण माणसापेक्षा उंच, आणि पोट कणगीएवढं. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात तो उभा असायचा. एक दिवस धूळ पुसताना जाड तारेला माझं बोट लागलं. तो आवाज मला कानानं नाही, पोटानं ऐकू आला. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. मग पुन्हा बोट लावलं.

भाचा महिन्या-दोन महिन्यांनी यायचा तेव्हा दाखवायचा, सा कुठं, पंचम कुठं. या वाद्याच्या दांडीवर खुणा नसतात. बोट कुठं ठेवायचं ते अंगानंच शोधावं लागतं. बोटं सोलण्याचं मला काही वाटलं नाही. मालकांचं नारायणगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि कॉइली मी घरी गुंडाळते. तांब्याच्या तारेनं बोटं कधीच घट्ट झालेली. दुपारी भांडी झाली की मी बेसच्या मागं कोपऱ्यात शिरून, तोंड बाजूच्या भिंतीकडं वळवून वाजवायची. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मी त्याच्या आड. दारातून कुणी आलं तर त्याला बेस दिसायचा, वर माझा पदर आणि खाली पावलं.

मालकांची गायन पार्टी आहे. जयंतीला, पौर्णिमेला गावोगाव कार्यक्रम होतात. मी बरोबर जायची, पण स्टेजच्या मागं, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. कोरसमध्येसुद्धा कधी बसले नाही. मला चार माणसांत उभं राहता येत नाही. बँकेत माझा नंबर पुकारला तरी मी आधी मागं वळून बघते की दुसरं कुणी उठतंय का.

गेल्या वर्षी पार्टीतला कीबोर्डवाला सोडून गेला. बेसचे खालचे सूर तोच डाव्या हातानं वाजवायचा. नवी मुलगी आली ती छान वाजवते, पण तिला एकाच वेळी दोन्ही जमेना. गाणी पोकळ वाटायला लागली. एक दिवस मालक जेवायला लवकर घरी आले आणि दारातच थांबले. मी वाजवत होते. ते म्हणाले, पौर्णिमेला राजुरीचा प्रोग्राम आहे, तू वाजव. मी हो म्हणाले. ते जेवता जेवता दोनदा माझ्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं, हिची भीड मोडली.

भीड काही मोडली नव्हती. बेसच्या मागं उभं राहायचं आहे, एवढाच माझा हिशोब होता. लोकांना लाकूड दिसेल, मी नाही.

आठवड्याभरातच भाच्याला मोठी जागा मिळाली आणि तो बेस घेऊन गेला. म्हणाला, "मावशी, तसंही स्टेजवर हा कामाचा न्हाई. स्पीकरचे बॉक्स चालू झाले की पोकळ पोटात आवाज शिरतो आणि मग घुमतच राहतो. पिकअप गाडीतसुद्धा मावत न्हाई. तुमी विजेवरचा घ्या." नवा घ्यायचा तर दुभत्या म्हशीचे पैसे. म्हणून त्यानं मालकांना फोनवर सांगितलं की मंचरला वापरलेले मिळतात. तारा दांडीपासून फार उंच नाहीत ना ते बघा, पिन हलवल्यावर घरघर येते का ते ऐका, आणि मावशीला उभं राहून वाजवू द्या.

विजेवरचा म्हणजे मी समजले, तोच बेस, फक्त वायर जोडलेला. शिवणयंत्राला मोटर बसवली तरी यंत्र तेवढंच राहतं. बेसचं पोटच काढून टाकतात हे माझ्या डोक्यात कसं यावं?

साउंडवाल्याकडं दोन होते. दुसरा चकचकीत, नव्यासारखा, तिपाईवर बसवलेला. पहिला ओरखडे पडलेला. त्याला बाजूनं दोन वाकडे दांडे उघडत होते, एक छातीला टेकवायचा, एक गुडघ्याला. मालकांना चकचकीत आवडला. त्यांनी पिन घातली, काढली, बॅटरीचं झाकण उघडलं आणि नाक लावून वास घेतला.

"भाऊ, मोटर न्हाई ती," साउंडवाला म्हणाला.

"जळालेलं असलं की वास लपत न्हाई," मालक म्हणाले आणि दुसऱ्याचाही वास घेतला.

मग मला पुढं केलं. मी पदर नीट केला आणि तिपाईवरच्या बेसच्या तारेला बोट लावलं. आवाज आला नाही. जोरात ओढलं, तर नुसतं माशी भुणभुणल्यासारखं. मला वाटलं, आपण फसलो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता राजुरीला जायला नको. साउंडवाला हसला. दुकानातल्या अँप्लिफायरवर लग्नासाठीचा माइक लावून बघायला दोघं जण आले होते, म्हणून त्यानं एक वायर जोडून माझ्या कानांवर हेडफोन बसवले.

आता आवाज आला, तो थेट डोक्यात. पण बोट पडेल तिथं सूर नव्हता. बेस तिपाईवर उभा आणि मी इकडं, मध्ये वीतभर हवा. कुठं काय आहे ते अंगाला कळेना. मग मी ओरखड्यांचा घेतला. छातीचा दांडा टेकवला आणि जाड तार सोडली. ती थरथर हाडात आली. बोट आपोआप पंचमावर गेलं.

मी डोळे मिटले आणि मालक कार्यक्रमाच्या सुरुवातीला म्हणतात ते गाणं वाजवलं. आवाज फक्त मलाच येत होता. मला वाटलं, कुणाला ऐकू येत नाही म्हणजे मी इथं नाहीच. कडवी झाली, पुन्हा धृपद, पुन्हा कडवं. सगळं गाणं संपवलं.

डोळे उघडले तर समोर माणसं. मालक, साउंडवाला, माइकवाले दोघं, आणि शेजारच्या बियाण्याच्या दुकानातली बाई. तीही येऊन उंबऱ्यात उभी राहिली होती. तारांची टकटक सोडली तर त्यांना काहीच ऐकू आलं नसणार. मग एवढा वेळ ही सगळी माणसं करत काय होती? तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सगळी मला बघत होती. आड व्हायला तिथं चार बोटं रुंदीची दांडी होती.

मालकांचा चेहरा तर असा, की घरात कुणी परकं बसलेलं दिसावं. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"तू वाजवताना गाती व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. "सगळं गाणं व्हटांवर व्हतं तुझ्या."

मला माहीत नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण वाजवताना त्यांनी माझा पदरच बघितला होता. आणि मी गाते हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं, कारण बेसच्या आड, भिंतीकडं तोंड वळवून उभ्या असलेल्या बाईचे ओठ कोण बघणार?

"ऐकू काय आलं न्हाई," बियाण्याच्या दुकानातली बाई म्हणाली, "पण बघत ऱ्हावं वाटलं बया."

मी हेडफोन पुन्हा कानावर ओढले. तेवढाच आडोसा. साउंडवाला आणि मालक बोलायला लागले. त्यांचे हात चकचकीत बेसकडं जात होते. साउंडवाल्यानं त्याची पिशवी उचललीसुद्धा. तो घरी आला असता तर मला वाजवता आलं नसतं आणि मी सुटले असते. गप्प बसायचं, एवढंच काम होतं, आणि ते मला येतं.

"तो नको," मी म्हणाले. "तो अंगाला लागत न्हाई. हा द्या."

सगळे दचकले. माइकवाल्यांनीही माना वळवल्या.

"वहिनी, हळू," साउंडवाला म्हणाला. "हेडफोन तुमच्या कानावर हाय. आमाला येतंय ऐकू."

राजुरीला विहारासमोर स्टेज होतं. संध्याकाळीच मैदान भरलं. मी अगदी मागं, ढोलकीवाल्याच्या पलीकडं उभी राहिले. दांडीच्या या बाजूनं बायका दिसत होत्या, त्या बाजूनं पुरुष, म्हणजे सगळ्यांना मीही दिसत असणार. गुडघ्याचा दांडा मी आणखी आत ओढून घेतला.

मालकांनी पहिली ओळ घेतली आणि मी तार सोडली. तो आवाज माझ्याकडून आला नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांच्या बॉक्समधून, सगळ्या माणसांच्या अंगावरून आला. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात कधी केला नव्हता. मी इतकी हबकले की हात थांबला.

ढोलकी चालू होती, कीबोर्ड चालू होता. आणि ढोलकीवाल्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. कीबोर्डवाल्या मुलीनं बघितलं. मालक गाता गाता मध्येच थांबले आणि माइक सोडून पूर्ण मागं वळले. पुढच्या सतरंजीवरच्या दोन म्हाताऱ्यासुद्धा माना उंच करून बघायला लागल्या, काय बंद पडलं म्हणून.

मी थांबले होते, एवढंच झालं होतं. मी गप्प झाले म्हणून कुणाचं काही अडल्याचं मला तोवर माहीत नव्हतं. मी त्या सगळ्या चेहऱ्यांकडं बघत उभी राहिले, घाबरायचंही राहून गेलं. मग छातीचा दांडा नीट टेकवला, सा शोधला आणि धरला. मालक माइककडं वळले आणि त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.