दुबईची बॅग आणि आण्णांचा काटा

दुबईच्या बॅगेत सामान तीस किलोच न्यायला मिळतं, किस्से मात्र कितीही साठतात! माझी धाकटी बहीण नयना लग्न होऊन दुबईला गेली, त्याला आता सात वर्षं झाली. तिच्या नवऱ्याला सुट्टी एप्रिलमध्ये मिळते. त्यामुळे दोघं एप्रिलात आमच्या गावी, गासला यायची आणि ऐन मेमध्ये परत जायची. शहाणी माणसं दुबईला थंडीत जातात. आमच्या घरातलं माणूस जाणार ते रस्त्यावर पापड भाजून निघेल अशा दिवसांत!

*

नयना पहिल्यांदा निघाली तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारचे विल्सनकाका बारा वर्षं तिकडे एसी दुरुस्त करून आलेले. बॅग भरताना ते डोकावले आणि म्हणाले, "नयना, स्वेटर घे."

आई भडकलीच. "विल्सन, वाळवंटात स्वेटर? माझी पोर काय येडी वाटली तुला?"

"वयनी, तिकडं ऊन फक्त खिडकीतून बघायचं. मानसं बर्फाच्या पेटीत राहतात."

आईनं काकांच्या देखत स्वेटर कपाटात टाकला. आठव्या दिवशी नयनाचा फोन आला. "आई, ऑफिसात कुडकुडतेय गं! इकडे कुणी येणारं असेल तर स्वेटर पाठव. पायमोजेपण!"

फोन स्पीकरवर होता. संध्याकाळी विल्सनकाका आमच्या दारावरून फेरी मारून गेले. घामाघूम झालेले आणि अंगात स्वेटर!

*

सुक्या बोंबलांशिवाय आमची बॅग बंद होत नाही. वास येऊ नये म्हणून आईनं एका वर्षी ते सात पिशव्यांत गुंडाळले, आणि तरी भरवसा नाही म्हणून प्रत्येक पिशवीवर टाल्कम पावडर शिंपडली. सढळ हातानं!

पोचल्यावर नयना म्हणाली, "आई, बोंबील भाजले. शेजारीण विचारायला आली, कोण अंघोळ करून आलंय?"

आईनं फक्त एवढंच विचारलं, "पन वास नाय ना आला?"

*

आता काट्याबद्दल. आण्णा, म्हणजे माझे वडील, वाडीतली केळी आणि भाजी बाजारात न्यायचे. तो धंदा थांबला तरी त्यांचा गोल तबकडीचा लोंबता काटा ओटीवर तसाच टांगलेला राहिला. हळूहळू गल्लीतलं जे कुणी परदेशी निघेल, ते बॅग घेऊन आमच्या ओटीवर यायला लागलं. आण्णा चष्मा लावायचे, बॅग आकड्याला अडकवायचे आणि न्यायाधीशाच्या थाटात सांगायचे, "दीड किलो काढा."

लोक निमूट काढायचे. आमच्या आईलाही सूट नव्हती. तिनं उन्हात वाळवलेली सुकेळी भरली की आण्णा म्हणणार, "अगं, ऊन तिकडंच जास्त हाय. कच्ची केळी पाठव, आपोआप सुकतील!"

एका दुपारी चहा पिताना विल्सनकाकांनी सांगितलं होतं, "माझ्या आईनं दिलेली लोनच्याची बरनी वजनात बसली नाय. विमानतळावर सगळ्यांसमोर बॅग उघडली. कपडे, साबन, सगळं जमिनीवर. बरनी तिथंच ठेवली आनि गेलो. त्याच वर्षी आई गेली."

आण्णांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून काट्यापाशी जाऊन उभे राहिले.

*

त्यानंतर आमच्या घरात एक ठरून गेलेलं. आण्णा काट्यावर बरोबर तीस करून द्यायचे आणि अंघोळीला जायचे. मग आई म्हणायची, "अगंबाई, देवाचा अंगारा ठेवायचा राहिला!" बॅग आतल्या खोलीत जायची, दार लागायचं, आणि दहा मिनिटांनी बाहेर यायची.

विमानतळावरून नयनाचा फोन आला की आण्णांचा पहिला प्रश्न, "किती भरलं?"

"बरोब्बर तीस, आण्णा!"

आण्णा बाहेर जाऊन काटा निरखत बसायचे. आम्हाला वाटायचं, काट्याचा अभिमान! दर वर्षी तेच. एकदा तर त्यांनी काट्याला तेलपाणी केलं, तरी पुढच्या खेपेला तीसच!

*

दोन वर्षांपूर्वी आण्णा गेले. ओटीवर कुणी बॅग घेऊन आलं की अजूनही मी आण्णांना हाक मारायला वळतो.

यंदा नयनाचं बाळंतपण तिकडेच. डिलिव्हरीची तारीख मेची. पासष्ट वर्षांची आमची आई, जी एकटी कधी ठाण्याला गेली नाही, ती एकटी दुबईला निघाली. काटा पुसायला म्हणून मी स्टुलावर चढलो, तर काटा रिकामा आणि सुई दोनवर! वरचा स्क्रू मुद्दाम फिरवलेला. रिकामा काटा कोण बघतो?

"आई, हा काटा दोन किलो जास्त दाखवतो!"

"म्हाईत हाय," आई दुपट्यांच्या घड्या घालत म्हणाली. "बरनीची गोष्ट ऐकली तवापासून."

म्हणजे दर वर्षी दोन किलोचा अंगारा!

"मग आण्णांना बोलली का नाहीस?"

"त्यांनी सांगितलं होतं मला?"

*

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग टांगली. डिंकाचे लाडू, सुकेळी, जुन्या साड्यांची मऊ दुपटी. सुई बत्तीसवर गेली.

"म्हणजे खरं वजन तीस. परफेक्ट!" मी म्हणालो. "आता स्क्रू सरळ करून टाकू का?"

"हात लावू नको. काट्यावर किती?"

"बत्तीस. पण आई, दोन वजा…"

आईनं बॅग खाली घ्यायला लावली आणि चेन उघडली. लेकीसाठी महिनाभर राखून वाळवलेली सुकेळी तिनं एकेक पाकीट करून बाहेर काढली. तिनं चेन बंद केली, मी बॅग पुन्हा टांगली, आणि सुई तीसवर आल्यावर ती साडी बदलायला गेली.

गाडीत बसताना मीच आठवण केली, "आई, अंगारा?"

"पर्समध्ये हाय. पुडी."

विमानतळावर ती आत गेली आणि मी काचेबाहेर उभा राहिलो. वीस मिनिटांनी फोन वाजला. आण्णांचा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघाला, "किती भरलं?"

"अठ्ठावीस," आई म्हणाली. "घरी गेलास की काट्याखाली उभा राहून त्यांना जरा मोठ्यानं सांग."