काडी न लावलेल्या रानातली गांडुळं

मंडळी, एमआयडीसीतल्या ऑफिसातून सगळ्यांना एकदम ई-मेल धाडतोय. विसावं शतक संपायच्या आत एक लढाई जिंकली!

ऊस तुटला की वाळलेलं पाचट पेटवायचं, ही आमच्या कोऱ्हाळ्याची रीत. साऱ्या जगाचाच उन्हाळा तापतोय, त्यात ही आग. रानातली गांडुळं संपली. म्हणून मी काडी लावू दिली नाही. वडील, म्हणजे आबा, दोन हंगाम माझ्याशी धड बोलले नाहीत.

आज सकाळी त्यांनीच पाचट सारून खुरप्यानं माती उकरली. गारेगार माती आणि गांडुळंच गांडुळं!

शेजारचे तात्या आपलं पाचट पेटवायला निघाले होते. आबांनी त्यांची काडेपेटी काढून स्वतःच्या खिशात घातली.

"न्हाय पेटवायचं, तात्या. हे बिनपगारी गडी तुमच्याबी रानात येत्याल."

तुमच्या गावची काडेपेटी कुणाच्या खिशात आहे?