दहा लाख तीनचा शेवटचा भागाकार

आमच्या नाटक मंडळीतल्या प्रॉम्प्टरना आम्ही सगळे ‘भागाकार’ म्हणायचो. बावीस वर्षं ते उजव्या विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसले. आम्ही वाक्यं विसरायचो आणि टाळ्या घ्यायचो, ते आठवण करून द्यायचे आणि अंधारात राहायचे.

त्यांचा जीव जडला होता दहा लाख तीन या संख्येवर. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच तिला पूर्ण भाग जात नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं. हे कुठल्यातरी पुस्तकात छापलेलं असेलच की, असं मी म्हटलं तर चेहरा पाडून बसायचे. वहिनी म्हणायच्या, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हती हो यांनी."

रीत त्यांनी मला समजावली होती. दोन संख्यांचा गुणाकार दहा लाख तीन यायचा, तर दोन्ही हजाराच्या वर असूच शकत नाहीत. म्हणून हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्या एकशे अडुसष्ट. एकीने जरी भाग गेला, तरी सगळी मेहनत पाण्यात.

हे भागाकार ते प्रॉम्प्टच्या वहीतच करायचे. उजव्या पानावर संवाद असायचे आणि डावं पान हालचालींच्या नोंदींसाठी कोरं. मॅनेजरांनी त्यांना दोनदा पकडलं होतं. तिसऱ्यांदा सापडलात तर स्टूल दुसऱ्याला देईन, अशी ताकीदही मिळाली होती.

एका दुपारच्या खेळात मी मरणाऱ्या धाकट्या भावाच्या उशाशी बसलो होतो. डोळ्यांत पाणी भरपूर, डोक्यात वाक्य एकही नाही. मी विंगेकडे पाहिलं. भागाकारांनी घाईने वही वर धरली आणि नजर पडली डाव्या पानावर. कुजबुज आली. इतक्या वर्षांच्या विश्वासाने मी ती तशीच, गहिवरून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली, "बाकी बारा."

मरणाऱ्या भावाने एक डोळा उघडला.

पडदा पडताच मॅनेजर आले. ते वाक्य मला आयत्या वेळी सुचलं, असं मी ठोकून दिलं. भागाकारांनी मला बाजूला सारलं आणि वही पुढे केली.

"नाही साहेब, चूक माझी. नऊशे सत्त्याण्णवने भागत होतो. शेवटचाच राहिला होता."

मॅनेजरांनी चष्मा लावला. नऊशे सत्त्याण्णव गुणिले एक हजार तीन, पेन्सिलीने स्वतः करून बघितलं. वर बारा मिळवले. मग वहीची मागची डावी पानं एकेक करून चाळली.

"म्हणजे कुणाचाच भाग गेला नाही?"

"कुणाचाच नाही."

"मग आता तरी डावं पान कोरं राहील ना?"

खोटं बोलणं भागाकारांना कधी जमलं नाही. "दहा लाख तेहतीस बघावी म्हणतोय," ते पुटपुटले.

मॅनेजरांनी सुस्कारा सोडला. स्टूल त्यांचंच राहील, पण भागाकार करायची वही वेगळी, आणि खेळ चालू असेपर्यंत ती आपल्या टेबलाच्या खणात, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढच्याच खेळाला मध्यंतर पाच मिनिटं लांबलं. आत जाऊन पाहतो तर दोघं खणाशी उभे राहून भांडत होते, सतराने भागल्यावर बाकी सात की आठ.