मावा न लागलेलं झाड

मित्रांनो, आज सकाळी बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या अंगणात पाहिलं, तर मिरचीच्या सगळ्या कुंड्यांवर मावा पडला होता. पानं चिकट झालेली, आकसलेली. बी धरण्याजोगं एकही रोप उरलं नव्हतं.

मागच्या भिंतीपाशी आपोआप उगवलेलं एक झाड मात्र स्वच्छ होतं. पानं उलटून पाहिली, एक कीड नाही. त्याची पिकलेली मिरची बियांसाठी तोडली आणि आईला दाखवली.

तिनं हात मागे घेतला. "काहून तोडली? तुह्या बाबाची दृष्ट काढलेल्या मिरच्यांतून उगवलं ते."

दृष्ट काढलेल्या मिरच्या जाळतात. पण बाबांना दमा होता, धूर सोसला नसता. म्हणून त्यांच्या शेवटच्या आजारात आई त्या भिंतीपाशी फेकायची.

"जाळल्या असत्या तं वाचले असते का रे?"

"नाही, आई."

"मंग त्या झाडाले कीड काहून नाही लागत?"

काही वाणांत मावा रोखायची ताकद असते, असं मी समजावून सांगितलं. ती "हव" म्हणाली.

बिया आतल्या खोलीत कागदावर वाळताहेत. आई सकाळपासून त्या खोलीत गेलेली नाही.

तुम्ही पेरल्या असत्या?