पाच ते साडेपाच

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना फार विचार करायची सवय. जिन्यात कुणी नुसतं 'हं' म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी "काल आपण रागावला होतात का हो?" असं विचारायला येतात. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी काळजीला वेळ नेमून दिली. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच, पार्किंगजवळच्या बाकावर. एरवी मनात काही आलं, की वहीत टिपून ठेवायचं. पुण्यातली दुकानं दुपारीच बंद असतात, यांचं डोकं साडेतेवीस तास बंद, असं मी सगळ्यांना सांगत असे.

गेल्या महिन्यात बायकोच्या गाठीची तपासणी झाली. रिपोर्ट यायचा होता आणि मी पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होतो. त्यांनी वही मिटली आणि सरकून जागा केली.

"बसा. माझं आज फारसं काही नाही. तुमचं बोला."

मी भलतंसलतं सगळं बोललो. 'काही होणार नाही' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. साडेपाचला उठले.

"आता वर जा. वहिनी एकट्या आहेत."

रिपोर्ट चांगला आला. जिन्यात भेटल्यावर मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, मग कपाळाला आठी पडली.

"नाव नीट पाहिलंत ना? अदलाबदल होते कधीकधी."

लगेच जीभ चावून ते घाईने निघून गेले.

मी वर जाऊन नाव पाहिलं. मग वयही पाहिलं.